एक जूनचे खांब

चिनी पत्रिकेत चार खांब असतात: साल, महिना, दिवस आणि वेळ. हे मला मे महिन्याच्या सुट्टीत गंगापूर रोडच्या सायबर कॅफेत कळलं. तारीख तर पाठच होती, एक जून. वेळ तेवढी आईला विचारली. "पहाटेच की. तुझे पप्पा भाजीची गाडी घेऊन पंचवटीला निघाले होते," ती म्हणाली. सगळं भरलं आणि स्क्रीनवर आलं की महिन्याच्या आणि दिवसाच्या खांबांची अशी शुभ जोडी लाखात एखादीचीच जमते, ही मुलगी जन्मजात लीडर आहे.

मग काय, नववी ब ची मॉनिटर मीच होणार हे ठरलंच. माझ्या बाकावरच्या ललितालाही उभं राहायचं होतं. "राहू दे गं लले, सगळ्यांचे खांब सारखे नसतात," मी तिला मोठ्या मनानं समजावलं.

शाळा उघडली त्या दिवशी नव्या वर्गशिक्षिका सोनवणे बाई गुलाब घेऊन आल्या. सुट्टीत वाढदिवस झालेल्यांना त्या फूल देणार होत्या. "आधी एक जूनवाले उभे राहा," बाई म्हणाल्या. मी ऐटीत उठले. ललिताही उठली. मग आमच्या गावाहून येणारा निम्मा वर्ग उठला.

 

"पहिलीत नाव घालताना तारीख गुरुजींनीच टाकली ना गं, मॉनिटरबाई," ललिता कानात म्हणाली, "आपल्या सगळ्यांचे खांब त्यांनी एकाच खड्ड्यात रोवलेत."