कंबर सैल करून मिळेल

शिंपीणबाई मोरपंखी फिती कापत होत्या. दोनशे हव्या होत्या. शनिवारी रुग्णालयाच्या सभागृहात अंडाशयाच्या कर्करोगाबद्दल जनजागृतीचा कार्यक्रम होता, आणि या कर्करोगाचा रंग मोरपंखी, असं वर कुठेतरी ठरलेलं होतं. आजाराला रंग मिळाला की निम्मी जागृती झालीच, अशी आयोजकांची श्रद्धा. त्यांचा फोन नुकताच येऊन गेला होता.

"सात मिनिटं बोला. लक्षणं थोडक्यात, अनुभव सविस्तर, आणि शेवट पॉझिटिव्ह हवा हं! तुम्ही म्हणजे आमचं जिवंत उदाहरण."

जिवंत उदाहरण होऊन त्यांना चार वर्षं झाली होती. सभागृहात त्या बेधडक बोलत. समोर शंभर अनोळखी बायका असल्या आणि हातात माइक असला, की लघवीबद्दल विचारायलासुद्धा माणसाला काही वाटत नाही.

दुकानात एक बाई आली. हातात कापडी पिशवी.

"तुम्ही मला ओळखणार नाही. गणिताच्या बाई यायच्या ना तुमच्याकडे, जाड चष्म्याच्या? त्यांची मी धाकटी बहीण."

"हो तर! बऱ्याच दिवसांत फिरकल्या नाहीत. परीक्षा आल्या की विसरतात आम्हाला."

"ताई गेली. महिना झाला."

कात्री अर्ध्या फितीत थांबली.

"अंडाशयाचा कॅन्सर निघाला. कळलं तेव्हा सगळीकडे पसरला होता. ही आपली ॲसिडिटी, ॲसिडिटी म्हणत गोळ्या खात बसली." बहिणीने पिशवीतून तीन स्कर्ट काढून टेबलावर ठेवले. "चांगले आहेत, टाकवत नाहीत. मला कंबरेत कमी करून द्याल?"

शिंपीणबाईंनी वरचा करडा स्कर्ट उलटा केला. टीप उसवली तरी सुईची भोकं कापडात ओळीने राहतात. इथे तीन ओळी होत्या. एप्रिलची, जूनची, ऑगस्टची. तिन्ही त्यांच्याच हातच्या, सरळसोट, कुणालाही दाखवाव्यात अशा. आतलं जादा कापड तिसऱ्या खेपेला संपलं होतं. त्याच खेपेला गणिताच्या बाईंनी शर्टाच्या बाह्या मात्र आत घ्यायला सांगितल्या होत्या. दंड उतरले होते. शिंपीणबाईंनी दोन्ही मापं नीट लिहून घेतली होती.

"ताईला तुमचं फार कौतुक," बहीण सांगत होती. "म्हणायची, बाकीचे शिंपी टोमणे मारतात. मानवलंय वाटतं, खाणं अंगी लागलंय वाटतं. ही बाई मात्र अवाक्षर काढत नाही. मुकाट्याने सैल करून देते."

मापं घ्यायची, मतं द्यायची नाहीत, असं शिवणकाम शिकवणाऱ्या मास्तरांनी त्यांना कामाच्या पहिल्याच दिवशी बजावलं होतं. गिऱ्हाईक टिकतं ते यामुळे. शिंपीणबाईंनी हा नियम इतका पाळला, की त्यांचं स्वतःचं पोट वाढायला लागलं तेव्हा वर्षभर त्या स्वतःचंही इलॅस्टिक बदलत राहिल्या. त्या वेळी थोडक्यात वाचल्या. यंदा जूनमध्ये या स्कर्टची दुसऱ्यांदा टीप उसवताना विचारावं असं त्यांच्या मनात आलं होतं. अगदी ओठांवर आलं होतं. पण गणिताच्या बाई घाईत होत्या, वह्या तपासायच्या होत्या, आणि असं कसं विचारायचं?

"मी पिशवीत या आजाराच्या लक्षणांचं पत्रक घातलं होतं," त्या म्हणाल्या. "दर वेळी घालते."

"ते गुळगुळीत कागदाचं? आहेत की! ताईने कपाटात अंथरलीत. अगदी मापात बसलीत."

शिंपीणबाईंनी फिती बाजूला सारल्या. गळ्यातली टेप काढली. "या. माप घेते."

बहीण हात वर करून उभी राहिली. "ताईपेक्षा बारीकच आहे मी. हल्ली जरा सुटलंय, पण आता वयच झालं."

अशा वाक्याला शिंपीणबाईंचं एक ठरलेलं हसू होतं. ते तोंडावर यायला लागलं होतं. त्यांनी ते परतवलं.

"एक विचारू?" माइकशिवाय त्यांचा आवाज भलताच बारीक निघाला. "पोट फुगल्यासारखं वाटतं? रोज?"

"अहो, माप घेताय की तपासणी?"

"सांगा ना."

"जेवल्यावर कुणाचं नाही फुगत?"

"दोन घासांत पोट भरतं?"

"छे! घरचे म्हणतात, बाई, आवर आता."

"ओटीपोटात दुखतं?"

"नाही हो!" बहीण हसली. "ताई म्हणायची ही बाई बोलतच नाही. बघायला हवं होतं तिने."

शिंपीणबाईंच्या हातातली टेप सैल पडली. त्यांनी ती पुन्हा धरली. "आणि लघवीला सारखं जावं लागतं? हे हल्लीच सुरू झालंय, असं?"

बहिणीने वर केलेले हात हळूहळू खाली घेतले. रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. ती दोन पावलं चालली, आणि टेप तशीच कंबरेला असताना तिने दुकानाचं दार आतून लोटून घेतलं.