नोंद नसलेली धून

दुपारच्या रिसेप्शनमध्ये कोपऱ्यातला म्हातारा प्रत्येक गाणं वहीत टिपून घेताना दिसला आणि डीजे सावध झाला. गाणी वाजवण्याचा परवाना तपासणारे असेच पाहुणे बनून येतात. हॉलचा परवाना होता, पण लॅपटॉपमधली निम्मी गाणी चोरीची. त्याने शक्कल लढवली. पेनड्राइव्ह लावून अशी धून सोडली, जिच्यावर कुणाचाच हक्क नोंदलेला नव्हता. म्हातारा वही मिटून टेबलाशी आला. “ही कुणाची?” “माझीच, साहेब. कुठेच नोंदवलेली नाही.” “साहेब नाही, मी तुझ्या पार्टनरचा बाप. बेपत्ता झाला त्या सकाळी त्याने ही धून बनवून फोनवर मला ऐकवली. गळ्यातल्या पेनड्राइव्हवर टाकलीय, म्हणाला. तीच ऐकायला तुझ्या मागे दहा लग्नं फिरलो. आणि तू पोलिसांना सांगितलंस, त्या दिवशी तो भेटलाच नाही.” डीजेचा हात पेनड्राइव्हकडे गेला. तिथे म्हाताऱ्याचा हात आधीच होता.