तारखेची जागा

सेनायनं फोटो हातात घेतला, खिडकीच्या उजेडात धरला आणि परत टेबलावर ठेवला.

"नाही ओळखत, ताई. माफ करा."

"अरे, नीट बघ तरी! वीस वर्षांपूर्वीचा आहे तो. आता वाळला असेल, केस पिकले असतील. कपाळ बघ. कपाळ काही बदलत नाही माणसाचं."

अब्रेहेतचा जीव टांगणीला लागला होता. लंडनच्या या चर्चवरच्या खोलीत ती अकरा वर्षं दर गुरुवारी येत होती. तिचा थोरला भाऊ किब्रेआब तिकडे, इरिट्रियात, कैदेत होता. गुन्हा एवढाच, की बंदी घातलेल्या पंथाची प्रार्थना तो घरात बसून करत राहिला. पुढच्या आठवड्यात इथले मंत्री तिकडे जाणार होते आणि कैद्यांच्या नावांची यादी तिथल्या सरकारपुढे ठेवणार होते. अट एकच: गेल्या वर्षभरात कुणीतरी ज्याला जिवंत पाहिलं किंवा ऐकलं असेल, त्याचंच नाव घेऊ. मेलेल्यांसाठी भांडायला मंत्र्यांना कुठला वेळ? यादी पाच वाजता जायची होती, आणि साक्षीदार म्हणून होता हा एकटा सेनाय. नऊ वर्षं आत काढलेला, चार महिन्यांपूर्वी दुखण्यानं मरायला टेकला म्हणून बाहेर फेकलेला, आज कुणाचा तरी मोठा होणारा कोट घालून बसलेला.

"चेहरा मी कुणाचाच पाहिला नाही," तो म्हणाला. "कंटेनर होते, ताई. जहाजावर माल भरून नेतात ना, ते. आत मिट्ट काळोख. शेजारच्या कंटेनरमधल्या माणसांशी पत्र्याला तोंड लावून बोलायचं. नावं सांगायची नाहीत, असं ठरलेलं. उद्या मार खाताना तोंडातून कुणाचं नाव जायला नको."

अब्रेहेत वकिलाकडे वळली. गिरमाय त्यांच्याच देशातला, या कैद्यांची कामं फुकट करायचा.

"गिरमाय, काहीतरी कर रे बाबा! पाच वाजत आले. तो आहे, मला ठाऊक आहे, तो आहे!"

सेनाय एकदम ताठ झाला. त्याच्या हातावर काटा उभा राहिलेला तिला दिसला.

"पुन्हा बोला," तो म्हणाला.

"काय बोलू?"

"काहीही. हा घोगरा आवाज... शेवटाला असाच वर चढायचा. पलीकडच्या दादांचा."

अब्रेहेतनं तोंडावर हात ठेवला. पूर्वी घरी फोन तिनं उचलला, तर लोक किब्रेआब समजून बोलत सुटायचे. ती चिडायची, आणि तो हसून हसून बेजार व्हायचा.

"बघ! म्हटलं नव्हतं मी? लिही गिरमाय, लिही!" ती हसत होती की रडत होती, तिचं तिलाच कळत नव्हतं. "शेवटचं कधी बोललास त्याच्याशी?"

सेनायनं मान खाली घातली.

"मागच्याच्या मागच्या ईस्टरला. मग आवाज आला नाही. मी पत्र्यावर थापा मारल्या. तीन आठवडे मारल्या, ताई. नंतर तिथे दुसरी माणसं आणून भरली."

दोन वर्षं झाली होती त्या ईस्टरला.

गिरमायनं साक्षीचा टाईप केलेला कागद टेबलावर ठेवला. "तारखेची जागा मी मोकळी सोडलीय," तो म्हणाला आणि खिडकीशी जाऊन पाठ करून उभा राहिला.

अब्रेहेतनं कागद सेनायपुढे सरकवला.

"यंदाचा ईस्टर लिही. एवढंच. नाव एकदा यादीतून गेलं, की त्याला विचारायला कुत्रंही जाणार नाही. एक सही कर, बाळा. तुझ्या पाया पडते."

सेनाय पेनाकडे बघत राहिला.

"दर महिन्याला तुरुंगाचा साहेब कागद घेऊन यायचा," तो हळूच म्हणाला. "माझा या प्रार्थनेवर विश्वास उरला नाही, एवढंच एक वाक्य. सही केली की संध्याकाळी घरी. माझी मुलगी तेव्हा दोन वर्षांची. चार वेळा पेन हातात घेतलं मी. चारही वेळा पत्र्यापलीकडून दादा बोलले."

अब्रेहेतला भावाचा भयंकर राग आला. मेल्या, स्वतः अडकलास ते अडकलास, या पोरालाही अडकवलंस! मग ज्या गळ्यातून तो राग वर येत होता, त्या भावासारख्याच गळ्याची तिला भीती वाटली.

"काय म्हणायचा तो?" तिनं विचारलं.

"ते तुम्हाला कळलंय, ताई."

त्यानं डोळे मिटून घेतले. चाचपून पेन उचललं आणि तारखेच्या जागेवर टोक टेकवलं.

"आता तुम्ही सांगाल तसं करतो."

पाचला चार मिनिटं होती. फोटो अजून तिथेच, कागदाशेजारी पडलेला होता.

"नको करूस," शेवटी ती म्हणाली. "सही नको करूस, पोरा."

सेनायनं डोळे उघडले नाहीत. पेन खाली ठेवून तो शेजारच्या भिंतीकडे वळला आणि तिच्यावर तळहात टेकवला.

"नाही करत, दादा," तो म्हणाला. "तुम्ही झोपा आता."