जर्दाळूच्या बियांचा कोळसा

शेडमागची पोती रिकामी होती.

कारखान्याची गाळणी मोहिदील सांभाळायची. औषध कारखान्याचं सांडपाणी गाळून गाळून औषधानं गच्च भरलेला, जर्दाळूच्या बियांचा कोळसा तिनं स्वतः त्या पोत्यांत भरला होता. असा कोळसा बंद भट्टीत जाळायचा आणि गाळणीत नवा भरायचा. पण भट्टीही नव्हती, नवा कोळसाही नव्हता. पाणी तपासायला आलेल्या तपासनिसांनी आज हुकूम केला तरच मिळणार होता. नाहीतर हेच पाणी कालव्यातून खाली कुमारिक गावाला, तिच्या आईच्या हंड्यात.

अंगणातून कबाबाचा वास आला. त्यात कडवट काहीतरी, कॅप्सूल दाताखाली फुटल्यासारखं. ती तिकडे धावली.

"सोतीबोल्दी अका, कोळसा कुठला हा?"

थोरल्या माणसाला तिकडे अका, म्हणजे दादा, म्हणायचं. म्हातारा आचारी शेगडीवर वारा घालत होता. "शेडमागचा! छपरावर वाळवला. एवढा चांगला कोळसा फेकायचा म्हणजे पाप की गं, पोरी!"

खाली पडलेला नानचा तुकडासुद्धा उचलून कपाळाला लावणारा माणूस. त्याला काय बोलणार, कप्पाळ!

ती तडक मेजवानीच्या मेजाशी गेली. संचालक मिर्झोहिद अका तपासनिसांना आग्रह करत होते. "खा, खा! आमचं पाणी मुळातच चांगलं. कोळशात काही अडकतच नाही, मग बदलायचा कशाला?"

"तोच कोळसा या कबाबाखाली आहे, अका," मोहिदील म्हणाली.

चावणारी तोंडं थांबली. थोरल्या तपासनिसानं घास रुमालात थुंकला. मिर्झोहिद अकांची सळई ओठांशीच राहिली.

"खा ना. काहीच नाही ना त्यात?" ती त्यांना म्हणाली.

त्यांनी सळई हळूच ताटात ठेवली, बोटं पुसली. "डॉक्टरनं मटण बंद केलंय मला."

शी! बोलताना लाजसुद्धा वाटली नाही मेल्याला. आणि तो थोरला? रुमाल मुठीत तसाच, दुसऱ्या हातानं त्यानं 'पाणी ठीक' लिहून सही ठोकली. मोहिदीलला त्या कबाबाची वाटली नव्हती एवढी किळस त्या हाताची वाटली.

मेजवानीत उरलेलं पाहुण्यांबरोबर द्यायचं, ही रीत. सोतीबोल्दी अकांनी कबाब ताज्या नानात गुंडाळून गाठोडं बांधलं. नाही म्हणायची सोय नव्हती. तपासनिसांनी छातीवर हात ठेवून ते घेतलं आणि गाडीत बसले.

पुलावर गाडी हळू झाली. काच खाली आली, गाठोडं बाहेर भिरकावलं गेलं.

"अरे, नान पाण्यात टाकला!" सोतीबोल्दी अका कळवळून ओरडले. "नरकात जाल रे!"

एवढ्या माणसांत म्हातारा एकटाच ओरडला. गाठोडं कालव्यात एकदा बुडालं, वर आलं आणि कुमारिककडे वाहत गेलं.