लाकडी पट्टी

“आमची नात हुशार आहे, फक्त वाचायचा कंटाळा करते,” बाई म्हणाल्या. त्यांनी मला ओळखलं नव्हतं. शाळेत बोट ठेवून वाचलं की त्यांची लाकडी पट्टी माझ्या बोटावर बसायची. “कंटाळा नाही, डिस्लेक्सिया आहे,” चाचण्या तपासून मी म्हणाले आणि अक्षरं विस्कटलेला कागद पुढे केला. “वाचताना तिची किती दमछाक होते ते कळेल. मोठ्यानं वाचा.” इतर पालकांना मी बसूनच वाचायला लावते. बाईंना उभं केलं. अडखळल्या, घामाघूम झाल्या. “आजी, बोट ठेव ना,” नात कुजबुजली. बाईंनी बोट ठेवलं. मी ड्रॉवरमधली पट्टी काढून उगारली. बोट झटकन मागे गेलं. बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. “तू?” “हो, बाई. मीच.” पट्टी मी नातीला दिली. “ही ओळीखाली धरायची, बाळा. पट्टी कशासाठी असते ते आजीलाही शिकव.”