फुंकर

वेट्रेसच्या परीक्षेला निघाल्यापासून मी नावं घोकत होते. पिठात घोळवून लोण्यात परतलेला सोल मासा म्हणजे म्यूनिएर, सोबत वाइन मस्कादे... की शाब्ली? परीक्षक मस्ये रिव्होआल यांच्या टेबलाशी पोचेपर्यंत डोक्यात सगळ्याचा काला झाला. आधीच्या तिघा उमेदवारांनी वाढलेले मासे सुरीने विस्कटून त्यांनी काटे हुडकले होते, तिघंही नापास. “मादाम, मासा थंड होतोय आणि मी म्हातारा,” ते म्हणाले. मी दोन चमच्यांनी कणा उचलला, कडेचे काटे काढले, तुकडा त्यांच्या ताटलीत ठेवला आणि सवयीने त्यावर फुंकर घातली. मागे कुणीतरी फिसकन हसलं. हॉटेलातली नोकरी हातची गेली! “मूल केवढं?” त्यांनी विचारलं. “दोन वर्षांची. अपोलीन.” रागावले की काय, कळेना. त्यांनी सुरी उचलली, बाजूला ठेवली, काटे न शोधताच घास तोंडात टाकला. “आता वाइन सांगा.”