शेवटचं विसळणं

पुन्हा लालच. प्राध्यापकांनी बाटली खिडकीच्या उजेडात धरली, हलवली, डोळे किलकिले केले. हवा होता मोरपंखी रंग, आला होता जास्वंदी. सोन्याच्या गोल कणांची ही लाली पहिल्या वर्षाच्या पोराटोरांनाही जमते. प्राध्यापकांचं नाव झालं होतं ते तिकोनी कणांमुळे. केसाच्या जाडीत हजार मावतील एवढेसे सोन्याचे तिकोन, आणि त्यांनी निळंहिरवं झालेलं पाणी. बारा वर्षं तो रंग हुकमी आला. गेल्या चार महिन्यांत एकदाही नाही.

चार महिने. म्हणजे मावशींना काढल्यापासून.

मावशी प्रयोगशाळेतल्या बाटल्या धुवायच्या. धुता धुता त्यांच्यासाठी गायच्या:

बाटली गं बाई, न्हाऊन घे, उन्हात अंग वाळव,
सोनं येईल भेटीला, त्यात मोराचा रंग कालव.

एकदा प्राध्यापकांनी पाहिलं. शुद्ध पाण्याने तीनदा विसळलेली बाटली मावशी पुन्हा नळाखाली धरत होत्या.

"अहो, हे काय चाललंय?"

"सर, त्या शुद्ध पाण्याला काही चवच नाही बघा. शेवटचा हात नळाचा दिला की बाटलीला बरं वाटतं."

"बारा वर्षं माझ्या कामात घाण कालवलीत तुम्ही!"

निवृत्तीला सात महिने उरले होते. निष्काळजीपणाचा शेरा पडला. नोकरी गेली, पेन्शनही गेली.

आज प्राध्यापकांनी दार आतून लावलं. एक बाटली चोरासारखी नळाखाली धरली, वाळवली, तिच्यात द्रावण ओतलं. लाल झालंच नाही. कडेकडेने निळं उतरलं, हिरवं झालं, मोराने मान वळवावी तसं झळाळलं. नळाच्या पाण्यातला कणभर क्षार! तोच सोन्याला कोन देत आला होता.

प्राध्यापक हसले. मग टेबलावरच्या कागदाकडे नजर गेली आणि हसू विरलं. मावशींनी दाद मागितली होती. चौकशी समितीचा एकच प्रश्न होता: नळाच्या पाण्याने संशोधनाचं नुकसान झालं का?

'नाही' लिहावं, तर छापलेल्या प्रत्येक निबंधात 'शुद्ध पाण्याने धुतलेल्या बाटल्या' होत्या. बारा वर्षांचा रंग मग कुणाचा ठरणार?

दार वाजलं. कार्यालयातला नवा कारकून होता.

"सर, कागद न्यायला आलोय. त्या बाई सकाळपासून बाहेर बाकावर बसल्यात. म्हणतात, सर खोटं लिहायचे नाहीत."

"थांबा जरा."

आधी त्यांनी वहीत नवा शोध टिपला. खाली तारीख घातली, स्वतःचं नाव घातलं. मग समितीच्या कागदावर लिहिलं: 'होय. कधीही भरून न येणारं.' आणि झोकात सही केली.

कागद घेऊन कारकून दारात घुटमळला.

"सर, काय गोड गुणगुणत होतात हो! मोराचा रंग, सोनं… तुम्हीच रचलंत का?"

प्राध्यापक क्षणभर चपापले.

"हो," ते म्हणाले. "माझंच आहे."